चमचा नाय, चावी

शुक्रवारी रात्री नऊला आमची इमारत एकाच कामाला लागते.
तळमजल्याच्या केबलवर विनोद आधी पोचतो,
मग दुसऱ्यावर, छत्रीतून,
मग चौथ्यावरच्या भोपींच्या पोराकडे, मोबाईलवर.
तोवर खालची माणसं हसून, पाणी पिऊन
पुढच्या वाक्याला बसलेली असतात.
एकच विनोद जिना चढत जातो
आणि मी जिन्यात उभी राहून मोजते:
एक मजला हसला. दोन.
तिसऱ्यावर बहुतेक दूध उतू गेलं.

विनोद माझा आहे.
साडेचार मिनिटं, दोन पुरुष, एक साडी नेसलेला पुरुष,
मध्ये पदर सावरायची जागा,
आणि जाहिरातीच्या आधी कुणीतरी पडायचं.
पडण्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत.
‘शुक्रवारचा शिमगा’ संपतो तेव्हा
नावांची पट्टी अशी पळते
जसं मागे कुत्रं लागलंय.
आईला मी अजून एकदाही वाचता आलेली नाही.
म्हणते, चष्मा लावेपर्यंत तू गेलीस.

ह्या वेळी काही सुचेना.
घोडबंदरच्या स्टुडिओत, एसीत गारठून,
दिवसाला चारशेवर आणलेली माणसं
टाळ्यांची तालीम करत होती.
दिग्दर्शक म्हणाला, ताई, काहीतरी घरचं दे.
मी तांडेलकाका दिले.

हिराजी तांडेल, आमचे सेक्रेटरी,
ऐरोली, सेक्टर आठ.
लुंगीला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा,
रोज पहाटे पाचला गच्चीवर,
टाकीला कान लावून, ठोकून,
किती पाणी आलं ते ऐकतात.
टाकीला विचारतात, “काय गो, जेवलीस?”
एवढंच मी उचललं.
उन्मेषने पोटाला उशी बांधली, हातात चमचा घेतला,
टाकीला मिठी मारली, टाकीवर रुसला,
शेवटी टाकीच्या प्रेमात टाकीत पडला.
चारशेची माणसं खरोखर हसली.
ते मला कळतं. खरं हसताना
माणसं कॅमेऱ्याकडे बघायचं विसरतात.

आज पहिल्या मजल्यावर तांडेलांचं दार उघडं.
बाहेर चपलांचे सात जोड, जावई आलेत.
खाली हशा. वर हशा.
खोकल्यासारखं कुणीतरी एकटं हसलं,
पण तो काकांचा आवाज नव्हता.

जेवण गेलं नाही.
रात्रभर स्वतःची वकील होऊन उशीशी भांडले:
नाव बदललंय, मिशी काढलीय,
टाकीसुद्धा निळी दाखवली, आपली काळी.

पहाटे पाचला बेल.
काका. बनियन, लुंगी, जुडगा.
“चल, वरती.”
चार मजले ते पुढे, मी मागे,
माफीची वाक्यं जुळवत,
आणि सवयीने, कुठल्या वाक्यावर हशा येईल ते बघत.

वर खाडीचा वास. पलीकडे मुलुंडचे दिवे.
काका म्हणाले, “चमचा नाय गो, चावी.
चमच्यान काय कलतय?”
आणि जुडग्यातली सगळ्यात जुनी,
आता कुठल्याच कुलपाची नसलेली पितळी चावी
माझ्या हातात दिली.

“खालशी ये. हलू.”
टप. टप. भरल्या तोंडाने कुणी हूं म्हणावं तसा आवाज.
वीतभर वर. टप. टप.
आणि एका जागी एकदम
ढम्म.
“हां. इथवर हाय. सातला संपल.
तिसऱ्यावालीला सांग, आज मशीन नको.”

मी विचारलं, काका, काल तुम्ही हसला नाहीत?
टाकीवरची कावळ्याची शीट नखाने खरवडत ते म्हणाले,
“आयकत होतू.
तुजी टाकी आख्खी रिकामी गो.
कुठं पन मारली तरी वाजत होती.”

मग थोडं थांबून, “जावय मात्र लय हसला,”
आणि चावी परत मागितली.